भित्यापाठी

लहानपणी मला अदृश्य व्हायचं होतं. उडायचं नव्हतं, राजा व्हायचं नव्हतं, फक्त दिसेनासं व्हायचं होतं. याला कारण एक पुस्तक. एच. जी. वेल्सच्या 'द इन्व्हिजिबल मॅन'चं कुणीतरी केलेलं संक्षिप्त मराठी रूपांतर. पानं पिवळी पडलेली, मुखपृष्ठावर चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळलेला, काळा चष्मा लावलेला माणूस. ते मी इतक्या वेळा वाचलं की त्याची शिवण उसवली. दुपारी सगळे झोपले की मी भिंतीला पाठ लावून उभा राहायचो, श्वास रोखायचो आणि मनात म्हणायचो, आता मी कुणाला दिसत नाही. दिसत नसताना काय काय करायचं याची यादीही तयार होती. माझ्या माघारी लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकायचं. ज्यांनी छळलं त्यांना घाबरवायचं. बंद कपाटं उघडायची, दुसऱ्यांची पत्रं वाचायची. त्या यादीत कुणाच्या भल्याची एकही गोष्ट नव्हती, हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली.

ही हौस फार जुनी आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, दुसऱ्या भागात, एका मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताच्या बाजूला फिरवला की तो दिसेनासा होतो. मग तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ही गोष्ट सांगणारा ग्लॉकन पुढे विचारतो, की अशी एक अंगठी सज्जनाला दिली आणि एक दुर्जनाला, तर दोघांच्या वागण्यात काय फरक उरेल? माझ्या दुपारच्या यादीकडे बघता, ग्लॉकनला द्यायला माझ्याकडे बरं उत्तर नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण २०२० चा, वेल्सच्या त्या पुस्तकाच्याच नावाचा सिनेमा. ली व्हॅनेल या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकानं तो लिहिला आणि केला. तो मी दोनदा पाहिला, एकदा एकट्यानं आणि एकदा माझ्या ताईबरोबर. ताईबद्दल लिहिताना तिला विचारलं आहे. "नाव घालू नकोस, बाकी काय ते लिही," असं ती म्हणाली. सिनेमा पाहिला नसेल आणि शेवट कळायला नको असेल, तर इथंच थांबावं, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आधी वेल्स. कादंबरी १८९७ ची. इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातलं आयपिंग गाव, ऐन फेब्रुवारीतली बोचरी थंडी, बर्फ, आणि 'कोच अँड हॉर्सेस' नावाच्या खाणावळीच्या दारात उभा राहिलेला, नखशिखांत झाकलेला पाहुणा. त्याचं नाव ग्रिफिन, हे आपल्याला बऱ्याच नंतर कळतं. पुढे मोठेपणी मूळ पुस्तक वाचलं तेव्हा मी चकित झालो ते अदृश्य होण्याच्या हालांनी. वेल्सनं कसलीच सूट दिलेली नाही. माणूस अदृश्य झाला, पण कपडे नाही झाले, म्हणून ग्रिफिनला लंडनच्या जानेवारीत उघड्यानं हिंडावं लागतं. बर्फ अंगावर साचला तर आकार दिसतो. चिखलात पाय पडला की ठसा उमटतो आणि पोरं त्या ठशांच्या मागे लागतात. कुत्र्यांना वास येतो. खाल्लेलं अन्न पचून अंगी लागेपर्यंत पोटात तरंगताना दिसतं. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे पापण्याही अदृश्य, त्यामुळे डोळे मिटले तरी उजेड मिटत नाही. हे वाचताना वाटतं, बापडा किती अडकला.

पण वेल्स त्याची कीव करू देत नाही. ग्रिफिननं आपल्या प्रयोगासाठी वडिलांचे पैसे चोरले होते. ते पैसे वडिलांचेही नव्हते, म्हणून वडिलांनी स्वतःला गोळी घालून घेतली. हे तो आपल्या जुन्या ओळखीच्या डॉक्टर केंपला सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात खंत नाही. वडिलांच्या अंत्ययात्रेलाही तो परक्यासारखा जाऊन येतो. हे सगळं अदृश्य व्हायच्या आधीचं. माझ्या रूपांतरात हा भाग होता की नव्हता कोण जाणे. असला तरी मी त्यावरून डोळे फिरवून पुढे गेलो असणार, कारण मला तो माणूस आवडत होता.

ताईचा पहिला फोन आला त्याला आता बरीच वर्षं झाली. रात्रीचे साडेअकरा. ती न्हाणीघरातून बोलत होती. नळ सोडलेला, त्यामुळे निम्मे शब्द पाण्यातच जात होते. ती म्हणाली, "अरे, मी गॅस बारीक करून बाहेर आले होते. नक्की बारीक केला होता. परत गेले तर मोठा. भांडं करपलं. हे या आठवड्यात तिसऱ्यांदा." मी म्हटलं, विसरली असशील. ती म्हणाली, "तेच ते म्हणतात. त्यांनी वहीत लिहून ठेवलंय, माझं कधी काय काय चुकलं ते. तारखेनिशी." ते म्हणजे भावोजी. माणूस मृदुभाषी, हुशार, आमच्याकडे आले की वडीलधाऱ्यांची आवर्जून चौकशी करणारे. मला त्यांच्याबद्दल आदर होता. ताई थोडं थांबली आणि म्हणाली, "मला वाटतं, मी खोलीतून गेले की तेच येऊन मोठा करतात."

मी हसलो. आणि म्हणालो, "ताई, भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

तीही हसली. "हो रे, तसंच असेल," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर अडीच वर्षं या विषयावर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. सणाला भेटलो, फोनवर बोललो, तब्येतीची विचारपूस झाली. गॅसचं नाव नाही.

सिनेमा सुरू होतो तो समुद्रानं. लाटा खडकावर आपटतात आणि उडालेल्या तुषारांत क्षणभर अक्षरं दिसतात, मग ओघळून जातात. वर कड्यावर काचेचं थंडगार घर. मध्यरात्री सीसीलिया नावाची बाई बिछान्यातून इतक्या हलक्या अंगानं उठते की आपणही श्वास आवरतो. शेजारी झोपलेल्या एड्रियन ग्रिफिनला तिनं गुंगीचं औषध दिलं आहे. तो प्रकाशशास्त्रातला बडा संशोधक, गडगंज श्रीमंत. तिचा पळून जायचा बेत ठरलेला आहे. पाच-सात मिनिटं जवळजवळ संवाद नाहीत. त्यानं तिला काय केलं, हे सिनेमा एका प्रसंगातही दाखवत नाही, मारहाण नाही, शिवीगाळ नाही. फक्त ती चालते कशी, दार ढकलते कशी, कुत्र्याच्या भांड्याला पाय लागल्यावर थिजते कशी, एवढंच. सीसीलिया झालेल्या एलिझाबेथ मॉसच्या खांद्यांवर सगळा इतिहास लिहिलेला आहे. माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सर्वोत्तम भाग हाच. अदृश्य माणूस अजून अदृश्य झालेलाही नाही, आणि भीती पुरती बसलेली आहे.

ती एका पोलीस मित्राच्या घरी लपते. दोन आठवड्यांनी बातमी येते की एड्रियननं आत्महत्या केली. मृत्युपत्रात तिच्या नावे पन्नास लाख डॉलर, दरमहा एक लाख याप्रमाणे. अट एवढीच, की तिच्या हातून गुन्हा घडता कामा नये आणि तिचं डोकं ठिकाणावर असल्याचं सिद्ध राहिलं पाहिजे. मेल्यावरही त्यानं तिच्या शहाणपणावर किंमत लावून ठेवली आहे.

आणि मग कॅमेरा वळायला लागतो.

हे नीट सांगायला हवं, कारण या सिनेमाची सगळी करामत इथं आहे. सीसीलिया खोलीत काहीतरी करते आहे. कॅमेरा तिच्यावरून सरकतो, सावकाश, रिकाम्या बोळाकडे. तिथं काही नाही. थोडा वेळ थांबतो आणि परत तिच्याकडे येतो. भयपटाचा नेहमीचा रिवाज असा, की कॅमेरा वळला तर तिथं काहीतरी असणार, निदान काहीतरी उडी मारणार. इथं कुणी उडी मारत नाही. आपण चौकटीतला रिकामा भाग चाचपत बसतो, ती खुर्ची, तो दरवाजा, ते टेबल. व्हॅनेल आणि त्याचा छायालेखक स्टेफान डुसिओ तिला मुद्दाम चौकटीच्या एका कडेला ठेवतात आणि उरलेली जागा कुणासाठी तरी मोकळी सोडल्यासारखी दिसते. सुमारे सत्तर लाख डॉलरांत, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबानं अगदी किरकोळ पैशांत, हा सिनेमा बनला आणि चौदा कोटींहून जास्त कमावून गेला. त्याआधी २०१७ मध्ये 'द ममी' आपटल्यावर युनिव्हर्सल स्टुडिओनं आपल्या जुन्या राक्षसांची मोठी मालिका काढायचा बेत गुंडाळला होता. तो बेत तडीस गेला असता तर आपल्याला कुणी बड्या नटाचा पट्ट्या गुंडाळलेला चेहरा आणि कोसळणाऱ्या इमारती मिळाल्या असत्या. रिकामा बोळ मिळाला नसता.

यानंतर सकाळचा स्वयंपाकघरातला प्रसंग येतो. सीसीलिया न्याहारी करते आहे. कॅमेरा दूर, एका जागी खिळलेला. ती कुणाला तरी हाक मारायला चौकटीबाहेर जाते. कॅमेरा तिच्या मागे जात नाही, स्वयंपाकघरातच थांबतो. ओट्यावरची सुरी हळूच सरकते आणि नाहीशी होते. मग शेगडीचं बटण फिरतं. ज्योत मोठी होते.

मी सिनेमा थांबवला. उठून पाणी प्यायलो. घरात एकटाच होतो. मला त्या क्षणी अदृश्य माणसाची भीती वाटली नाही. मला पाण्याच्या नळाचा आवाज ऐकू आला आणि त्यामागून ताईचा, "नक्की बारीक केला होता."

गॅसलायटिंग, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच डोळ्यांवर आणि डोक्यावर शंका घ्यायला लावणं, हा शब्द आता सगळीकडे झाला आहे, इतका की त्याची धार गेली. त्याचं मूळ पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या 'गॅस लाइट' या नाटकात आहे. व्हिक्टोरियन काळातलं लंडन. नवरा वरच्या बंद मजल्यावर चोरून दागिने शोधत असतो. तो तिथला दिवा लावतो तेव्हा खालच्या दिव्यांचा गॅस कमी पडतो आणि ज्योती मंदावतात. बायकोला ते दिसतं. नवरा वस्तू लपवतो, तूच हरवल्यास म्हणतो, तुला भास होतात म्हणतो. १९४४ च्या त्यावरच्या सिनेमात ही बायको इन्ग्रिड बर्गमननं केली आणि तिला ऑस्कर मिळालं. व्हॅनेलच्या सिनेमातली शेगडीची ज्योत मला तरी या दिव्याची नात वाटते. आणि आणखी एक. सीसीलिया एड्रियनच्या बंद असायला हव्या अशा फोनवर फोन लावते तेव्हा थरथर ऐकू येते ती माळ्यावरून. हॅमिल्टनचा नवराही वरच्याच मजल्यावर होता. म्हणजे वरवर वेल्सच्या कादंबरीचा रिमेक असलेला हा सिनेमा आतून या नाटकाचा वंशज आहे, आणि वेल्सचं पात्र त्यात पाहुणं म्हणून आलेलं आहे.

वेल्सच्या आणि या गोष्टीत सगळ्यांत मोठा फरक कोणता, तर विश्वासाचा. आयपिंगमध्ये गोंधळ उडतो, पण ग्रिफिननं पट्ट्या सोडून दाखवल्यावर गावाला शंका राहत नाही. पुढे तर सगळा मुलूख त्याच्या मागे लागतो. घरांना कड्या, पहाऱ्याला माणसं आणि कुत्री, त्याला अन्न आणि झोप मिळू द्यायची नाही असा बंदोबस्त. केंप तर रस्त्यांवर काचेचा चुरा पसरायला सुचवतो. शेवटी मजूर त्याला घेरून ठार करतात आणि मेल्यावर त्याचं शरीर हळूहळू दिसू लागतं. १८९७ चा अदृश्य माणूस एकटा आहे आणि त्याच्याविरुद्ध सगळं जग आहे. २०२० मध्ये पारडं उलटं झालं. आता ती एकटी आहे. तिच्या नावानं बहिणीला ईमेल जातो, बहीण दार लावून घेते. मुलाखतीला जाते तर तिच्या आराखड्यांची फाइल रिकामी निघते, आणि ती तिथंच चक्कर येऊन पडते. पोलीस मित्राच्या लेकीला कुणीतरी थप्पड मारतं. खोलीत ती आणि लेकच असतात, मग मारलं कुणी? प्रत्येक वार असा नेमका आहे की जखम तिला होते आणि आरोपही तिच्यावर येतो.

आणि ती खरं सांगते तेव्हा ते कसं ऐकू येतं? तो मेलेला नाही. तो दिसत नाही. तो याच खोलीत आहे. हे कुणी गंभीरपणे ऐकून घेईल? मी ऐकून घेतलं नव्हतं. आणि माझ्या ताईनं तर भुताखेताचं काही सांगितलंही नव्हतं. नवरा बटण फिरवतो, एवढंच ती म्हणाली होती.

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण मला आता वेगळी ऐकू येते. आपण ती भित्याला गप्प करायला वापरतो, भीती आधी आणि राक्षस तिचं पिल्लू, अशा अर्थानं. पण म्हणीत राक्षस भित्याच्या पाठीमागे आहे. पाठीमागचं त्याला स्वतःला दिसणार नाही. दिसलं तर समोर उभ्या असलेल्याला दिसेल. समोर मी होतो.

मधल्या, १९३३ च्या, याच कादंबरीवरच्या सिनेमाबद्दल थोडं सांगायला हवं. जेम्स व्हेल यांनी तो केला, 'फ्रँकेन्स्टाइन'नंतर दोन वर्षांनी. त्यात अदृश्य माणूस झालेल्या क्लॉड रेन्सचा चेहरा शेवटचे काही क्षण सोडले तर दिसतच नाही, पण काय आवाज! जॉन फुल्टन यांनी काळ्या मखमलीच्या पार्श्वभूमीवर काळ्याच मखमलीत नखशिखांत झाकलेला माणूस उभा करून, वर शर्ट चढवून, नुसता शर्ट हवेत नाचवला, आणि हे त्या काळात. आजही थक्क व्हायला होतं. बर्फात उमटणाऱ्या पावलांच्या प्रसंगात ठसे बुटांचे आहेत, खरं तर माणूस अनवाणी असायला हवा. ही चूक मला फार प्रिय आहे. पण त्या सिनेमानं एक गोष्ट बदलली, आणि ती मला आता खटकते. पटकथेत 'मोनोकेन' नावाचं औषध आलं. त्यानं माणूस अदृश्य होतो आणि त्यानंच वेडाही होतो. म्हणजे ग्रिफिन मुळात चांगला, वाग्दत्त वधूवर प्रेम करणारा. वाट लावली ती औषधानं. वेल्सला असल्या औषधाची गरज पडली नव्हती. त्याचा ग्रिफिन अदृश्य व्हायच्या आधीपासून तसाच होता. व्हॅनेलनंही औषध काढून टाकलं. त्याच्या एड्रियनकडे शेकडो इवल्या कॅमेऱ्यांनी मढवलेला एक पोशाख आहे, आणि पोशाख माणसाला वेडा करत नाही. तो पोशाख नसतानाही घराला कुंपण होतं, सीसीलियाच्या हालचालींवर कॅमेरे होते. ८७ वर्षांनी केलेल्या या रिमेकनं त्या एका बाबतीत मूळ कादंबरीशी इमान राखलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. आमच्या घरातही नंतर कुणीतरी म्हणालंच, "कामाचा ताण होता हो त्यांना." ताण म्हणजे आमचं मोनोकेन.

कादंबरीकार वेल्सच्याच देशात, इंग्लंडमध्ये, २०१५ च्या कायद्यानं, जवळच्या नात्यातल्या माणसाला सतत धाकात आणि मुठीत ठेवणं हा गुन्हा ठरला. कमाल शिक्षा पाच वर्षं. अंगावर वळ नसताना काय सिद्ध करायचं, हा प्रश्न तिथल्या न्यायालयांपुढेही असणार. या सिनेमाची नायिका नेमकी तिथंच अडलेली आहे. आणि सिनेमा आला कधी, तर अमेरिकेत २८ फेब्रुवारी २०२० ला. तीन आठवड्यांत चित्रपटगृहांना कुलपं लागली आणि २० मार्चला तो घरी भाड्यानं पाहायला मिळू लागला. जगभरची माणसं घरात कोंडली गेली होती, त्यातल्या कितीतरी जणी ज्याच्यापासून पळायचं त्याच्याचबरोबर. एप्रिलच्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांना घरातल्या हिंसेबद्दल जाहीर आवाहन करावं लागलं. सिनेमा बनवणाऱ्यांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण ज्या घरांत तो त्या दिवसांत पाहिला गेला असेल, तिथं त्या रिकाम्या खुर्चीकडे कुणी कसं पाहिलं असेल, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही.

ताई त्या घरातून बाहेर पडली होती ती या सगळ्याच्या आधी. सिनेमातल्यासारखी रात्री नव्हे, भर दुपारी. हातात एक पिशवी, पायात रोजच्या चपला. थेट माझ्याकडे आली. दारात उभी राहून म्हणाली, "यावेळी म्हण सांगू नकोस." मी काही सांगितलं नाही. आठ दिवस ती झोपूनच होती.

सिनेमा तिला दाखवावा की नाही, यावर मी बरेच महिने घुटमळलो. मग तिनंच नाव काढलं. कुणी मैत्रिणीनं सांगितलं होतं. आम्ही संध्याकाळी बसलो, दिवे चालू ठेवून, ही तिची अट. पळण्याच्या प्रसंगात ती हलली नाही. मला वाटलं होतं शेगडीच्या प्रसंगाला ती उठेल. तिनं तो शांतपणे पाहिला. ती रडली ती भलत्याच ठिकाणी. सीसीलिया मित्राच्या घरातून पहिल्यांदा बाहेर पडते, समोरच्या टपालपेटीपर्यंत जायचं म्हणून. जेमतेम दहा-वीस पावलं. रस्त्यानं कुणीतरी पळत येतो, व्यायामाला निघालेला साधा माणूस, आणि ती घाबरून घरात परत येते. मला हा प्रसंग पहिल्या वेळी लक्षातसुद्धा राहिला नव्हता. ताई म्हणाली, "मी आठ दिवस झोपले होते ना तुझ्याकडे. झोपले नव्हते. खिडकीशी जायचं ठरवत होते."

उत्तरार्ध आम्हा दोघांनाही कमी भावला. उपाहारगृहातला धक्का जबरदस्त आहे. बहीण समोर बसलेली, सुरी हवेत, आणि पुढच्या क्षणी तीच सुरी सीसीलियाच्या हातात. पण भरल्या उपाहारगृहात तरंगती सुरी एकालाही दिसू नये, हे मला अजून पचलेलं नाही. मग इस्पितळातल्या बोळांतली मारामारी, गोळ्या, पावसात उमटणारी आकृती. चांगलं चित्रित केलंय सगळं, पण रिकाम्या जागेला एकदा शरीर मिळालं की ती फक्त मारामारी उरते. अदृश्य माणसाच्या पोशाखात एड्रियनचा वकील भाऊ सापडतो, एड्रियन तळघरात बांधलेला मिळतो आणि आपण तर बळी असल्याचं सांगतो. सगळे त्याच्यावर पटकन विश्वास ठेवतात. तिच्यावर दोन तास कुणी ठेवला नव्हता.

शेवटी ती त्याच्याकडे जेवायला जाते. पोलीस मित्र बाहेर गाडीत बसून आतलं बोलणं ऐकतो आहे. कबुली मिळत नाही. मिळतो एक शब्द, जो फक्त तिलाच कळतो, आणि तिची खात्री पटते. ती न्हाणीघरात जाते. थोड्या वेळानं, घरातल्या कॅमेऱ्यांसमोर, एड्रियनचा हात त्याच्याच गळ्यावर सुरी फिरवतो. ती परत येते, किंचाळते, फोन करते. मग कॅमेऱ्यांच्या नजरेबाहेर येऊन त्याच्याकडे पाहते. पूर्वी तिनं लपवून ठेवलेला दुसरा पोशाख घेऊन ती बाहेर पडते. मित्राला पिशवीतला पोशाख दिसतो. तो तिला जाऊ देतो.

पहिल्यांदा पाहताना इथं मी मूठ आवळली होती. असंच पाहिजे, असं मोठ्यानं म्हणालो होतो. या वेळी ताईकडे वळून पाहिलं तर तिचा चेहरा उतरलेला.

"मारायला नको होतं?" मी विचारलं.

"मेला तो मेला. त्याचं काही नाही." ती बराच वेळ गप्प बसली. "पण तिला ते अंगावर घालावं लागलं रे. सात वर्षं मी लपूनच होते. बोलायचं कमी, दिसायचं कमी, त्यांच्या वाटेत यायचं नाही. सुटल्यावर पुन्हा तेच अंगावर चढवायचं?"

माझं मत अजून तिच्याइतकं स्पष्ट नाही. सीसीलियाला त्या घरात दुसरा कुठला मार्ग होता, ते मला सांगता येत नाही. कायद्यानं तिला सोडलं होतं, पुरावा त्याच्या बाजूचा होता, आणि तिच्या पोटात त्याचं मूल होतं, तेही तिच्या गोळ्या बदलून लादलेलं. पण ताई हे बोलली तेव्हा मला माझी दुपारची यादी आठवली. सिनेमाच्या शेवटी जे मला सुटल्यासारखं वाटलं, ते भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या मुलाला वाटलं होतं. त्याला तो पोशाख हवाच होता.

नावं वर सरकत होती. ताईनं फोन उघडला आणि काहीतरी शोधू लागली. बरंच मागे गेली, वर्षं ओलांडत. "तुला हे कधी दाखवलं नाही," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

शेगडीचं बटण. बारीक केलेलं. वर निळी, लहानशी ज्योत, मागे ओट्याची कड. पुढचा फोटो तोच, उजेड वेगळा. त्याच्या पुढचा तोच. तारखा वेगळ्या, वेळा वेगळ्या, सकाळी सात, संध्याकाळी सव्वासात, एक रात्री दहाचा. स्वयंपाकघरातून बाहेर पडण्याआधी ती दर वेळी फोटो काढत होती, आपण गॅस बारीक केला होता हे स्वतःला पटावं म्हणून. तीन फोन बदलले, प्रत्येक वेळी हे नव्या फोनमध्ये आणले. मी मोजले. एकसष्ट होते. एकाही फोटोत माणूस नाही.

"आणि ज्योत मोठी झाल्यावरचा?" मी विचारलं. "एखादा तरी असेल ना."

"तेव्हा कुठला फोटो?" ती म्हणाली. "तेव्हा धावत जाऊन आधी गॅस बंद करायचे."

मी पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. ती शेजारी सरकून बसली आणि प्रत्येकाला तो दिवस कुठला होता ते सांगत गेली.